तर्ज : विसरलेल्या चालींचा मागोवा

जैन स्तवनांची कोणतीही जुनी पोथी अथवा छापील पुस्तिका उघडली असता प्रत्येक रचनेच्या शिरोभागी एक लहानशी ओळ आढळते. कोठे तिच्या आधी 'देशी' असा शब्द असतो, कोठे 'ढाल', कोठे 'राग', तर अलीकडच्या शंभर वर्षांतील पुस्तकांत बहुधा 'तर्ज' असा शब्द असतो. पुढे एखाद्या गीताच्या आरंभीचे चार-सहा शब्द दिलेले असतात आणि तेथेच ती ओळ संपते. हे स्तवन त्या गीताच्या चालीवर म्हणावे, एवढाच तिचा अर्थ. रोजच्या पठणात या ओळीकडे कोणाची दृष्टी जात नाही. स्तवन पाठ झालेले असते, चाल आईकडून अथवा आजीकडून आलेली असते, आणि वरची ओळ ही छापणाऱ्याची काही खूण असावी असे समजून पान उलटले जाते. परंतु ज्या स्तवनाची चाल घरातून निघून गेली आहे, ते पुन्हा गाऊ पाहणाऱ्यास तीच ओळ एकमेव आधार उरते. त्या चार शब्दांवरून मूळ गीत ओळखावयाचे, गीतावरून चाल शोधावयाची आणि चालीवरून स्तवन पुन्हा उभे करावयाचे, असा हा उलटा प्रवास आहे. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या ओळीचा इतिहास नोंदविणे उचित ठरेल. कारण ज्यांच्या कंठात या चाली अद्याप आहेत, त्या पिढीतील बहुतेक माता-भगिनी आज पंच्याहत्तरी ओलांडून गेल्या आहेत.

जैन परंपरेत संगीताचा विचार नवा नाही. स्थानांग सूत्राच्या सातव्या स्थानात आणि अनुयोगद्वार सूत्रात सप्तस्वरांचे विवेचन आहे. मयूर षड्जात बोलतो, कुक्कुट ऋषभात, हंस गांधारात, असे कोणत्या जीवाचा कोणता स्वर हे तेथे सांगितलेले आहे. पुढे तेराव्या शतकात पार्श्वदेवांनी 'संगीतसमयसार' हा ग्रंथ रचला आणि 1350 साली वाचनाचार्य सुधाकलश यांनी 'संगीतोपनिषत्सारोद्धार' सिद्ध केला. संगीतशास्त्राच्या अभ्यासात हे दोन्ही ग्रंथ आजही प्रमाण म्हणून घेतले जातात. तात्पर्य, आपल्या पूर्वाचार्यांना स्वरांचे ज्ञान नव्हते म्हणून त्यांनी चाली स्वरांत लिहून ठेवल्या नाहीत, असे म्हणता येणार नाही. त्यांना तशी आवश्यकताच वाटली नाही. ज्या गीताचा पहिला चरण त्यांनी नोंदविला, ते गीत त्या काळी गावागावांत गायिले जात होते. रस्ता सर्वांना ठाऊक असताना पत्ता कोणी सविस्तर लिहीत नाही.

मध्ययुगीन गुजराती-राजस्थानी जैन साहित्यातील रास, चौपाई आणि सज्झाय हे प्रकार वाचण्यासाठी नव्हते, तर व्याख्यानात गाऊन सांगण्यासाठी होते. एकेका रासात तीस, चाळीस, क्वचित त्याहूनही अधिक ढाली असत आणि प्रत्येक ढालीची चाल निराळी असे. एवढ्या चाली मुनिराज कोठून आणीत? उत्तर सोपे आहे. ते पायी विहार करीत. आज मेडता, उद्या नागोर, पुढील चातुर्मास जालोर किंवा खंभात. ज्या गावी मुक्काम होई, तेथील स्त्रिया पाणी भरताना, लग्नघरी, होळीला, श्रावणात झोपाळ्यावर जे गात, ते त्यांच्या कानावर पडे. त्याच चालीवर ते चंदनबाला, स्थूलिभद्र किंवा नेम-राजुल यांची कथा बसवीत. श्रावकाला चाल आधीच ठाऊक असल्याने तो दुसऱ्या कडव्यापासूनच बरोबर गाऊ लागे.

या कलेत सतराव्या शतकातील महोपाध्याय समयसुंदर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मारवाडातील सांचोर ही त्यांची जन्मभूमी. आठ अक्षरांच्या एका वाक्याचे आठ लाखांहून अधिक अर्थ सांगणारी त्यांची 'अष्टलक्षी' ही कृती 1592 साली बादशहा अकबराच्या सभेत वाचली गेली, ही कीर्ती सर्वपरिचित आहे. परंतु त्यांच्या 'सीताराम चौपाई'तील ढालींच्या शिरोभागी असलेल्या टिपा त्याहून कमी मोलाच्या नाहीत. केवळ गीताचे आरंभीचे शब्द देऊन ते थांबत नाहीत. हे गीत अमुक नगरात प्रसिद्ध आहे, अशी माहितीही ते जोडतात. जोधपूर, मेडता, नागोर, सिंध अशी स्थळे तेथे येतात. राजदरबारी विद्वत्तेने गौरविलेला हा साधू पाणवठ्यावरच्या गीताचे गाव कोणते, हे तितक्याच काळजीने लिहून ठेवीत होता. श्री. अगरचंद नाहटा यांनी समयसुंदरांच्या विखुरलेल्या लघुरचना 'समयसुंदर कृति कुसुमांजलि' या नावाने एकत्र प्रसिद्ध केल्या, तेव्हा हे भांडार सामान्य वाचकांपुढे आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदाबादचे पंडित वीरविजयजी यांनी आपल्या पूजांसाठी लोकप्रिय गरबीच्या चाली घेतल्या. मंदिरात आजही त्यांच्या पूजा पढविल्या जातात, त्या गोडव्याचे श्रेय काही अंशी त्या अनाम गरबी गाणाऱ्या स्त्रियांकडे जाते.

या देशींचे महत्त्व ओळखून त्यांची गणती करणारा पहिला अभ्यासक मुंबईत वकिली करणारा होता. श्री. मोहनलाल दलीचंद देसाई (1885–1945) यांनी गावोगावचे ज्ञानभांडार धुंडाळून 'जैन गुर्जर कविओ' हा प्रचंड सूचिग्रंथ तयार केला. त्याचे भाग 1926, 1931 आणि 1944 या वर्षी प्रसिद्ध झाले. कवींची, कृतींची आणि हस्तलिखितांची सूची करता करता त्यांनी ढालींच्या वरच्या त्या उपेक्षित ओळीही उतरवून घेतल्या व अकारविल्हे लावल्या. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक भरली. पुढे प्रा. जयंत कोठारी यांनी या ग्रंथाची सुधारित आवृत्ती दहा खंडांत संपादित केली, तेव्हा देशींच्या सूचीला स्वतंत्र खंड द्यावा लागला. या सूचीत जी गीते आहेत, त्यांतील पुष्कळांचे पूर्ण शब्द आज कोठेही मिळत नाहीत. ती लौकिक गीते होती, प्रेमाची, थट्टेची, सासुरवासाची. त्यांना लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे कोणी मानले नाही. त्यांचा पहिला चरण तेवढा वाचला, आणि तोही विरक्त साधूंच्या पोथ्यांत. याहून विलक्षण योगायोग साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

येथे दुसऱ्या एका वकिलाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) हेही कायद्याचे पदवीधर. त्यांनी वकिली बाजूला ठेवून हिंदुस्थानभर प्रवास केला, उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या आणि स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या प्रसिद्ध केल्या. भातखंडे यांच्यामुळे घराण्यांच्या बंदिशींची चाल कागदावर आली. देसाई यांच्यामुळे लोकगीतांचे नाव कागदावर आले, चाल मात्र आली नाही. हे दोघेही मुंबईचे आणि काही काळ एकाच वेळी कार्यरत होते. एकाची स्वरलिपी आणि दुसऱ्याची सूची यांची गाठ त्याच काळात पडली असती, तर आजच्या शोधाचे निम्मे काम हलके झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आता आपल्या परिसराकडे वळू. घोडेगाव हे नगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरील नेवासे तालुक्यातील बाजाराचे गाव. जनावरांचा बाजार आणि कांद्याची आवक यांमुळे त्याचे नाव दूरवर गेले. अशा बाजारगावांत मारवाडातून व गुजरातेतून व्यापारासाठी आलेली जैन कुटुंबे स्थिरावली. दुकानात मराठी, घरात मारवाडी आणि धर्मस्थानात हिंदी-राजस्थानी-गुजराती मिश्रित भाषा, असा त्यांचा व्यवहार राहिला. पुरुषांनी मागे सोडलेल्या मुलखाशी हुंडी-पत्रांचा संबंध ठेवला. गीतांचा संबंध मात्र स्त्रियांनी ठेवला. माहेर बदलले की चाल बदलते. एकाच स्तवनाची चाल नगरकडून आलेली सून एका प्रकारे म्हणते, बीडकडील दुसऱ्या प्रकारे, आणि माळव्याकडून आलेली तिसऱ्याच. चातुर्मासात दोघी शेजारी बसल्या की पहिल्या दिवशी थोडी कुरबूर होते आणि पर्युषणापर्यंत एकीची चाल दुसरीच्या गळ्यात उतरलेली असते.

चाली आणणारा दुसरा प्रवाह मुनिराजांचा. पूज्यपाद श्री तिलोकऋषीजी म.सा. यांचा जन्म विक्रम संवत 1904 मध्ये रतलाम येथे झाला. त्यांनी दक्षिणेत, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात विहार केला आणि संवत 1940 मध्ये अहमदनगर येथे त्यांचे देहावसान झाले. अवघ्या छत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी विपुल काव्य रचले. त्यांची चित्रकाव्ये विद्वानांना चकित करतात, तर त्यांची स्तवने व पदे स्थानकांत सहज गायिली जातात. त्यांचे शिष्य पूज्य श्री रत्नऋषीजी म.सा.; आणि रत्नऋषीजींच्या चरणी 1913 साली मिरी येथे दीक्षा घेतलेले बालमुनी म्हणजे पुढील काळातील आचार्यसम्राट प.पू. श्री आनंदऋषीजी म.सा. (1900–1992). मिरी आणि आचार्यश्रींचे जन्मगाव चिचोंडी ही दोन्ही गावे शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील. 1936 साली पाथर्डीस स्थापन झालेल्या श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या नावात या गुरुपरंपरेतील दोन नावे एकत्र नांदत आहेत. बोर्डाच्या परीक्षांमुळे हजारो मुलामुलींनी सूत्रे व थोकडे पाठ केले. शब्द अशा रीतीने शुद्ध राहिले. चालींची परीक्षा घेणारे बोर्ड मात्र कधी निघाले नाही. त्या परंपरेने, ऐकून आणि बरोबरीने म्हणून, जशा राहतील तशा राहिल्या.

स्थानकवासी परंपरेत धर्मस्थानी वाद्य वाजविले जात नाही, या नियमाचा चालींवर झालेला परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. पेटी नाही, तबला नाही, त्यामुळे सूर धरून ठेवणारे बाहेरचे काहीच नाही. म्हणणारी व्यक्ती ज्या सुरात आरंभ करील, तोच षड्ज. समूह हळूहळू चढतो किंवा उतरतो आणि शेवटच्या कडव्यास आरंभीचा सूर कोठल्या कोठे राहिलेला असतो. संगीतज्ञ यास दोष म्हणतील. परंतु याच नियमामुळे पेटीच्या बारा पट्ट्यांत न बसणारे बारीक स्वर, आंदोलने आणि मुरक्या जुन्या गळ्यांत टिकून राहिल्या. मंदिरमार्गी परंपरेत पूजेसाठी पेटी व ढोलक आले, गाणे सुरेल व ठसठशीत झाले, आणि त्याबरोबर चालीच्या कडाही घासल्या गेल्या. दोन्ही मार्गांनी काही राखले आणि काही गमावले.

चालीचे नाव देऊन गीत रचण्याची ही पद्धत केवळ जैनांची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्याच्या छापील पुस्तकातही पदांवर 'चाल' म्हणून दुसऱ्या गीतांचे आरंभ दिलेले आहेत. त्यांत कानडी चालीही आहेत. आज ती मूळ गीते कोणास आठवत नाहीत. अण्णासाहेबांची पदेच मूळ मानली जातात. उधार घेणारा सावकार झाला, असे म्हणावे लागेल. जैन स्तवनांचेही तेच झाले. ज्या गीताच्या चालीवर स्तवन रचले ते लुप्त झाले, आणि पुढे त्या स्तवनाचाच पहिला चरण दुसऱ्या स्तवनावर तर्ज म्हणून लिहिला जाऊ लागला. जुन्या पुस्तिका क्रमाने लावून पाहिल्या तर अशी तीन-तीन पिढ्यांची साखळी लागते.

1931 साली 'आलम आरा'ने बोलपट आणला, 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने तो मराठीत आणला, आणि तर्जेच्या ओळीत चित्रपटगीते येऊ लागली. 1952 पासून रेडिओ सिलोनवर श्री. अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. 1957 साली विविध भारती आली. बुधवारी रात्री ऐकलेले गाणे पुढच्या पर्वाला स्तवनाच्या रूपात अवतरू लागले. यावर समाजात वाद झाले आणि अद्याप होतात. सिनेमाच्या गाण्यावर वीतरागाची स्तुती करणे हा अविनय आहे, असे ज्येष्ठ म्हणत. मुले धर्मस्थानाकडे येतात ती याच चालींमुळे, असे तरुण म्हणत. इतिहास पाहता दोघांनीही थोडे थांबावे असे दिसते. समयसुंदरांनी घेतलेल्या चाली काही देवळातल्या नव्हत्या. विरहिणीच्या आणि मस्करीच्या गीतांचा त्यात मोठा भरणा होता. तथापि एक भेद मान्य केला पाहिजे. पाणवठ्यावरचे गीत ऐकताना डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा येत नसे. चित्रपटगीताबरोबर नट-नटी आणि प्रसंग येतोच. ज्येष्ठांच्या आक्षेपातील खरे बळ येथे आहे, उसनवारीत नाही.

परंतु खरी हानी वेगळ्याच गोष्टीने झाली आहे. अलीकडील काही पुस्तिकांत तर्जेची ओळच गाळलेली दिसते. जागा वाचावी म्हणून असेल, किंवा सिनेमाचे नाव धर्मग्रंथात नको या संकोचाने असेल. ओळ गेली की पुढच्या पिढीस कोणताच धागा राहत नाही. संकोच होता तर ओळ लहान अक्षरांत छापता आली असती.

मग अर्धवट आठवणारी चाल ओळखावयाची कशी? कापडाच्या दुकानात ग्राहक जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन येतो आणि याच रंगाचे, याच काठाचे हवे असे सांगतो. जाणता दुकानदार आधी रंग पाहत नाही, कारण रंग उडालेला असतो. तो वीण पाहतो. चालीचेही तसेच आहे. स्वर विसरले जातात, बदलतात. वीण मात्र राहते. ढालीच्या चरणात मात्रा किती, ध्रुपद अथवा 'आंकणी' कोणत्या शब्दानंतर परत येते, चरण मध्येच तुटून पुन्हा म्हटला जातो काय, हे प्रथम पाहावे. त्याहून उपयुक्त खूण म्हणजे अर्थाशी संबंध नसलेले शब्द. 'रे लाल', 'हो राज', 'जी', 'ललना' असे शब्द वैराग्याच्या सज्झायीत ठराविक जागी येतात. पाठ करणाऱ्यास ते निरर्थक वाटतात आणि संपादक कधी कधी ते काढूनही टाकतात. ते मूळ गीतातून चालीबरोबर आलेले असतात व तिची वळणे धरून ठेवतात. ज्या दोन ढालींत हे शब्द त्याच जागी आणि मात्रा तेवढ्याच असतील, त्यांची चाल एक असण्याचा संभव मोठा. एकीची चाल कोणास येत असेल, तर दुसरी तिच्यावर म्हणून पाहावी. जीभ अडखळली नाही तर बहुधा घर सापडले.

पाश्चात्त्य देशांतही या प्रश्नावर काम झाले आहे. 1975 साली डेनिस पार्सन्स या इंग्रज लेखकाने चालींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात स्वरांची नावे नाहीत. पहिल्या स्वरापुढे दुसरा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच तीन अक्षरांनी मांडले आहे. पंधरा-सोळा स्वरांपर्यंत हा चढउतार लिहिला की बहुतेक चाली एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. ज्यास सरगम येत नाही अशा श्रावकालाही ही रीत जमण्यासारखी आहे. 2020 पासून भ्रमणध्वनीवर नुसते गुणगुणले तरी गूगल गाणे शोधून देते. चित्रपटगीताची तर्ज असेल तर हे साधन उत्तम काम देते. आजोबांच्या पुस्तिकेतील 1955 सालचे गाणे नातवाला क्षणात मिळते. परंतु जे कधी ध्वनिमुद्रित झालेच नाही, ते यंत्रास सापडणार कोठून? मेडत्याच्या पाणवठ्यावरील गीत तेथे नाही.

चाल सापडल्यावर ती पेटीवर बसविण्याचा प्रश्न येतो. हार्मोनियम हे वाद्य मूळचे फ्रान्सचे. अलेक्झांडर देबाँ यांनी 1842 साली पॅरिसमध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हाताने भात्याची पेटी बनविली व ती देशभर पसरली. मिंड आणि श्रुती तिच्यावर निघत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली. गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र तिला कधी सोडले नाही. ऐकून पेटी वाजविणारा प्रथम चालीचा विसावा शोधतो. कडवे संपल्यावर मन ज्या स्वरावर समाधान पावते, तो बहुधा षड्ज. स्त्रियांचे गाणे काळी चार किंवा पाचच्या आसपास बसते, पुरुषांचे काळी एकजवळ. षड्ज ठरला की गांधार शुद्ध आहे की कोमल, हे पाहावे. एवढ्यावरून निम्मी चाल उलगडते.

गेल्या काही दशकांत भक्तिसंध्येसाठी विद्युत-कीबोर्ड आला आणि त्याबरोबर कॉर्ड आली, म्हणजे तीन स्वर एकाच वेळी दाबून उभा केलेला मेळ. आपल्या संगीतात हा विचार नव्हता. तरीही काही चालींना तो शोभतो. मांड ही मारवाडची लाडकी धून घेतली तर सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे या तीन मेळांत सातही स्वर येतात आणि चाल सुखाने चालते. कान तयार असेल तर मेळ कोठे बदलावा हेही कळते. गीताचा जोर ज्या मात्रेवर पडतो, तेथे हाताखालचा मेळ खटकू लागला की तेथे बदल हवा. तीनांपैकी एक लागून पाहावा, न जुळल्यास दुसरा. भैरवीत कोमल गांधाराचा सा-ग-प आणि कोमल रे-म-कोमल ध एवढे दोन मेळ पुष्कळ दूरवर साथ देतात.

पण सर्वत्र असे चालत नाही. देस अंगाच्या चालीत चढताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल निषाद असतो. वादकाने प-नी-रे हा मेळ शुद्ध निषादासह धरून ठेवला आणि गाणारी माउली कोमल निषादाने उतरली, तर दोन स्वर एकमेकांवर घासतात. बहुतेक वेळा माउलीलाच सांगितले जाते की तुमचा सूर चुकला. सारंगात गांधार नाही, तेथे सा-ग-प धरला की परका स्वर घरात शिरतो. अशा जागी केवळ सा-प धरावा. मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने सा-म-कोमल ध हा मेळ घ्यावा. भूपाळीत मध्यम नाही हे विसरून भलताच मेळ वाजविला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यास काही बिघडल्याचे जाणवते पण काय ते सांगता येत नाही. जुन्या देशींत असे दुहेरी आणि वर्ज्य स्वर पुष्कळ आहेत. कार्यक्रमातील सफाईसाठी ते सरळ केले जातात, तसेच ध्वनिमुद्रित होतात आणि मग मुले तीच मूळ चाल समजून शिकतात. साथीने गळ्यामागे जावे, हा जुना नियम येथे फार कामाचा आहे.

घोडेगाव परिसरातील ज्या घरांत अशा चाली आहेत, तेथे नोंद घेताना केवळ गाणे मुद्रित करून भागत नाही. म्हणणाऱ्या बाईंचे माहेर कोणते, चाल कोणाकडून आली, त्या वेळी ते कोणत्या प्रसंगी म्हटले जाई, पुस्तिकेवर तर्जेची ओळ काय आहे आणि बाई म्हणतात ती तिच्याशी जुळते काय, एवढे कागदावर उतरवावे लागते. गाणे पेटीविना घ्यावे, मग पेटीसह. पहिले कडवे संपताच थांबविता कामा नये. पुष्कळदा चालीचे खरे वळण तिसऱ्या-चौथ्या कडव्यास, म्हणणाऱ्या बाईंना समोरच्या यंत्राचा विसर पडल्यावर येते.